दहा नंबरची काच

गल्लीत तिला 'हसू नका' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिची पाठ वळली की सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. पासपोर्टच्या फोटोसाठी तिच्या दुकानाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला तिनं कधी ना कधी ते ऐकवलेलं होतं. "मान सरळ. हनुवटी जरा खाली. हसू नका." नोकरीच्या अर्जासाठी आलेले, परदेशी निघालेले, पेन्शनच्या कागदांसाठी काठी टेकत आलेले, सगळ्यांना एकच हुकूम. समोरची बेकरीवाली म्हणायची, "बाई गं, मी हिच्या दुकानावरून जाते तीसुद्धा तोंड मिटून."

दुकान मुळात नवऱ्याचं. तो होता तोवर ही मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून निगेटिव्हवरचे डाग बारीक पेन्सिलीनं झाकायची. तो अचानक गेला, आणि महिन्याच्या आत ती मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आली. लोकांनी धरूनच चालवलं होतं की दुकान आता बंद होणार. तिनं पाटी पुसली, मागचा पडदा धुऊन टांगला आणि आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी खाली केली. पुढे रोल गेले, डिजिटल आलं, मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला. दुकान रडतखडत का होईना, चालत राहिलं.

दुकानाच्या वर दोन खोल्या. तिथे ती आणि तिचे सासरे राहत. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी धंदा सोडला, पण ते थरथरणं त्यांना अजून मान्य नव्हतं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत आणि कुणी बघितलं तर म्हणत, "गार पडलेत हात." धाकटा दीर दोन गल्ल्या सोडून वेल्डिंगचं दुकान चालवायचा. त्याला सगळे ठिणगी म्हणत. कामामुळेही, आणि गप्प बसणं त्याला जमत नसे म्हणूनही.

सूर्यग्रहण येणार, आणि आपल्या भागात सूर्याचा बराचसा भाग झाकला जाणार, हे कळलं त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. इतक्या वर्षांत तिनं चेहऱ्यांखेरीज कशाचाच फोटो काढला नव्हता. आता सूर्याचा काढायचा होता. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत ओळीनं.

"गिऱ्हाईक बघा कसं निवडलंय वहिनींनी," ठिणगी म्हणाला. "मान सरळ करा म्हणायची सोय नाही."

पण मदतीला तोच धावला. वेल्डिंग करताना तोंडापुढे जो मुखवटा धरतात, त्यात काळी काच असते. "आम्ही रोज वापरतो ती दहा नंबरची," त्यानं समजावलं. "दहातून ठिणगी बघायची. सूर्याला ती पुरत नाही. सूर्याला चौदा नंबरच हवी." त्यानं चौदा नंबरच्या काचांचं खोकं मागवलं. तिनं पोस्टर गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळीचा तुकडा कापला, त्यात काच बसवली, कडेनं काळी टेप गुंडाळली आणि ते टोपण कॅमेऱ्याच्या लांब भिंगावर घट्ट चढवून बघितलं. हलवलं तरी पडत नव्हतं. वारा आला तरी उडणार नव्हतं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. "आम्हालापण एक काच द्या की." मग काय, ठिणगी एका काचेचे दोन तुकडे करू लागला आणि ती फोटो लावायच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत एकेक तुकडा बसवून कडा काळ्या टेपनं बंद करू लागली. हाताला धार लागू नये म्हणून. हातात धरायची, डोळ्यांपुढे आणायची आणि मगच मान वर करायची, असं प्रत्येकाला बजावून तिनं त्या चौकटी वाटल्या. पंचवीस-तीस तरी गेल्या असतील. पहिली सासऱ्यांनी घेतली.

"दुर्बिणीतून बघितल्याशिवाय मजा नाही," ते म्हणाले होते. खुंटीला त्यांची जुनी दुर्बीण टांगलेली असे.

"दुर्बीण नको, बाबा. अजिबात नको."

ते काही बोलले नाहीत. तिला वाटलं, पटलं.

ग्रहणाच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. दुकानाला कुलूप घालून ती मागच्या गच्चीवर गेली. तिपाईला वाळूची पिशवी अडकवली, कॅमेरा बसवला, टोपण चढवलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर बघत सूर्य शोधला. गोल, हिरवट, स्वच्छ. एखादं नाणं ठेवावं तसा. तिनं एक फोटो काढून बघितला. कड कशी रेघ ओढल्यासारखी आली होती. फक्त मधोमध एक बारीक ओरखडा दिसत होता. काचेवरचाच. निगेटिव्हवरचे डाग झाकण्यात ज्या बाईचं अर्धं आयुष्य गेलं, तिला तो ओरखडा कसा चालणार? ग्रहण लागायला अजून अवकाश होता. खाली जाऊन तिनं उरलेल्या तुकड्यांतला एक आणला, टोपणात बसवला आणि पुन्हा फोटो काढला.

पडद्यावर नुसता पांढरा फटफटीत डाग.

तिला वाटलं, हात लागून कॅमेऱ्यातले आकडे हलले. बघितले. हलले नव्हते. टोपण सैल बसलं असेल. तेही घट्ट होतं. जुना तुकडा परत बसवला तर हिरवं नाणं आलं. नवा बसवला तर पांढरा डाग. तिनं दोन्ही तुकडे तळहातावर शेजारी ठेवून बघितले. दोन्ही सारखेच काळेकुट्ट. डोळ्यांना काही फरक कळत नव्हता. कॅमेऱ्याला कळत होता.

तिनं ठिणगीला फोन लावला.

"भावजी, काचा कापताना नंबर बघितला होतात का?"

"चौदा, वहिनी. किती वेळा सांगू? खोक्यावर लिहिलंय."

"खोक्यावरचा नाही म्हणत मी. काचेवरचा."

पलीकडे ग्राइंडर चालू होता. तो थांबला.

"नंबर कोपऱ्यात असतो," तो हळूहळू म्हणाला. "दोन तुकडे केले की एकावर नंबर येतो, दुसरा कोरा. आणि त्या दिवशी ते गेटचं अर्जंट काम आलं. टेबलावर माझ्या रोजच्या काचांची चवड होती. चौदाच्या मी तिच्यावरच..." पुढचं वाक्य त्याच्याच्यानं पुरं झालं नाही. ठिणगी गप्प बसला. हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

"किती असतील दहाच्या?"

"काय सांगू? दोन असतील, सात-आठ असतील."

"दहातून सूर्य बघितला तर काय होईल?"

"झगझगीत दिसेल. एरवी माणूस आपोआप डोळे मिटेल. पण आज कोण मिटणार, वहिनी? आज सगळे बघायलाच बसलेत. आणि सूर्य झाकत गेला की झगझगाट कमी वाटणार, मग आणखी टक लावून बघणार."

तिला एकदम दिसलं ते तिचं स्वतःचं काम. प्रत्येक तुकड्याची कड तिनं काळ्या टेपनं झाकली होती. ज्यांच्यावर नंबर होता, त्यांचाही नंबर टेपखाली गेला होता.

"ओळखायच्या कशा?"

"ट्यूबलाइट बघा. चौदातून ट्यूब दिसतच नाही, सगळा अंधार. दहातून हिरवी रेघ दिसते. वहिनी, मी निघतो. पिठाच्या गिरणीकडून मी सुरू करतो, तुम्ही तुमच्या बाजूनं या."

गल्लीच्या ग्रुपवर तिनं निरोप टाकला: काचा वापरू नका, तपासायच्या आहेत, घेऊन या. धडाधड अंगठे आले. माणसं काही आली नाहीत.

कापडी पिशवी खांद्याला लावून ती उतरली. कुणाकुणाला चौकटी दिल्या हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. चेहरे तिला पाठ होते. कुणाची मान डावीकडे कलते, कुणाचा एक कान बाहेर येतो, हे जिला माहीत, ती काच कुणाच्या हातात गेली हे कशी विसरेल?

बेकरीवालीनं भट्टीजवळच्या ट्यूबखाली चौकट धरली. "काही दिसत नाही, बाई. ठार अंधार."

"मग ती चांगली आहे. ठेव."

"चांगली आहे तर माझा जीव कशाला घेतेस?"

उत्तर द्यायला ती थांबली नाही. शेजारच्या जिन्यानं वर. पहिल्या मजल्यावर हिरवी रेघ. ती काच पिशवीत. दुसऱ्या मजल्यावर कुलूप, शेजारीण म्हणाली मंडळी गच्चीत गेलीत. गच्चीवर खुर्च्या मांडून एक निवृत्त जोडपं बसलं होतं, चौकट रुमालात गुंडाळून मांडीवर. तिथे ट्यूब कुठली? तिनं काच मागितली.

"छे छे," काका म्हणाले. "आठ दिवस जपून ठेवलीय. आता लागायची वेळ आली आणि तुम्ही परत मागता?"

"काका, त्यातल्या काही काचा चुकीच्या गेल्यात. डोळे जातील."

"तुम्हीच दिल्यात ना?"

"हो. आमचीच चूक आहे. म्हणूनच आलेय." वाद घालायला वेळ नव्हता. तिनं त्यांच्या मांडीवरची चौकट उचलली आणि पिशवीत टाकली. काकू उभ्याच राहिल्या. "हा काय प्रकार म्हणायचा!" जिना उतरतानाही तिच्या कानावर ते येत होतं. तिचे कान तापले होते. आयुष्यात तिनं कुणाच्या हातातली वस्तू हिसकावली नव्हती.

रस्त्यावर आली तर उजेड बदललेला. ऊन होतं, पण त्यातली धग गेल्यासारखी. ग्रहण लागलं होतं.

टेलरकाका आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून चौकट डोळ्यांपुढे धरून वर बघत होते. गळ्यात टेप, मांडीवर अर्धी शिवलेली पँट. तिला बघून हाक मारली, "या या! कोपरा गेलाय बघा सूर्याचा. पण उजेड फार मारतो हो या काचेतून."

"खाली करा! काका, काच खाली करा!"

ती इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरची दोन माणसं थबकली. टेलरकाकांनी काच खाली केली आणि ते तिच्याकडे बघून डोळे मिचकावू लागले. "काय झालं?"

ती त्यांच्या हातातली चौकट घेऊन दुकानात शिरली. मशीनच्या वर ट्यूब जळत होती. काचेतून ती हिरव्या सुईसारखी लख्ख दिसली.

"किती वेळ बघत होतात?"

"सुरू झाल्यापासून. मधून मधून." त्यांनी तिच्या आवाजातलं काहीतरी ओळखलं. "का हो? तुमच्या तोंडाच्या ठिकाणी मला काळा ठिपका दिसतोय. तो जाईल ना?"

काय सांगणार? "आत बसा," ती म्हणाली. "पडदा ओढा आणि डोळे मिटून बसा. मी येते."

"पण तो जाईल ना?"

"मी येते, काका."

ठिणगीचा फोन आला. त्याच्या बाजूच्या सगळ्या चौकटी मिळाल्या होत्या. तीन हिरव्या निघाल्या, पण कुणी त्यातून बघितलं नव्हतं. तिच्या बाजूच्याही तोवर गोळा झाल्या होत्या. आता उरली एकच, पहिली दिलेली. घरातलीच. ती सगळ्यात शेवटी ठेवली, कारण बाबा घरात बसून असणार असं तिनं गृहीत धरलं होतं.

घरात खुर्ची रिकामी. खुंटीवर दुर्बीण नव्हती. टेबलावर काळ्या टेपची गुंडाळी उलगडून पडलेली, कात्री, आणि तिनं बनवलेली चौकट फाडून उघडलेली. आतली काच गेली होती. ती बघताक्षणी तिला सगळं कळलं. त्यांनी काच दुर्बिणीला लावली होती. आणि भिंगं एवढी मोठी, तुकडा एवढासा. पुढून तो पुरणार नाही. म्हणजे मागून लावली. जिथे डोळा टेकतात, तिथे.

"भावजी, बाबा कुठे जातील?"

"गाड्यांच्या इमारतीवर," ठिणगी फोनवर धापा टाकत होता. "काल म्हणत होते, तिथून काही आड येत नाही. मी येतोय!"

गाड्या लावायची ती इमारत बाजाराच्या टोकाला. लिफ्टसमोर माणसं उभी होती, म्हणून ती गाड्या चढतात त्या उतारानंच वर निघाली. एक वळण, दुसरं वळण. छातीत भाता चालल्यासारखा. वरून येणाऱ्या गाडीनं हॉर्न दिला तशी ती भिंतीला चिकटली आणि पुन्हा पळाली. टेलरकाकांच्या डोळ्यांपुढचा ठिपका तिच्या डोळ्यांपुढे येत होता. दोन्ही मोतीबिंदू काढल्यावर बाबा किती दिवस खिडकीत बसून रस्ता बघत होते, तेही. "पाट्या वाचता येतात गं," असं कुणीही भेटलं तरी सांगायचे.

सगळ्यात वर उघड्यावर धुरकट, पिवळसर ऊन पडलं होतं. तुरळक गाड्या. आणि कठड्याशी बाबा. कोपरं कठड्यावर टेकवून त्यांनी दुर्बीण वर उचललेली.

"बाबा!"

"थांब," ते मागं न बघता म्हणाले. "आत्ता सापडतोय."

पुढची धाव कशी घेतली ते तिला नंतर आठवलं नाही. दुर्बिणीच्या दोन्ही भिंगांवर तिनं पुढून तळहात दाबून धरले, एवढंच आठवत होतं.

"हात काढ, सूनबाई."

"नाही काढणार."

"मला शिकवू नकोस. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलोय मी."

"त्यातून तुम्ही घड्याळं बघितलीत, बाबा. सूर्य नाही."

"मागं काच लावलीय."

"मागं लावून भागत नाही. सगळा सूर्य आत शिरून एका जागी गोळा होतो आणि त्या काचेवर पडतो. काच टिकणार नाही."

"वेल्डिंगची काच ती. चौदा नंबरची. तूच दिलीस."

"चौदाची आहे की दहाची, ते मलाच माहीत नाही."

हे ऐकून त्यांनी दुर्बीण डोळ्यांपासून बाजूला केली आणि तिच्याकडे बघितलं. तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा मऊ झाला नाही. उलट ओठ घट्ट मिटले. आपल्याला कुणी हाताला धरून बाजूला करतंय, याचा राग होता तो. तिला ठाऊक होतं, आत्ता दुर्बीण हिसकावली तर घटकाभरानं ते कुणाला न सांगता दुसरीकडे कुठेतरी बघतील.

"बरं," ती म्हणाली. "डोळा नका लावू. नुसती कठड्यावर ठेवू. काय होतं ते दोघं बघू."

तिनं दुर्बीण कठड्यावर टेकवली आणि तिची सावली लहान लहान होत सूर्याच्या रेषेत येईपर्यंत हळूहळू वळवली. दोघं बाजूला उभे राहिले. मागच्या काचेवर काही दिसत नव्हतं. वारा होता. खाली कुठेतरी गाडी मागे घेताना वाजणारा भोंगा वाजत होता.

"बघ," बाबा म्हणाले. "उगाच घाबरवतेस. काही होत न..."

टक्.

आवाज अगदी बारीक, पेन्सिलीचं टोक तुटावं तसा. काचेवर आडवी चीर गेली, तिचा एक भाग निसटून खाली पडला आणि त्या फटीतून उजेडाचा पांढराशुभ्र ठिपका कठड्यावर येऊन बसला. टेपच्या कडेतून धुराची बारीक रेघ निघाली. तिनं झटकन दुर्बीण आडवी केली.

बाबा खाली बसले. एक हात उजव्या डोळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"आधी बघितलं होतंत का?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बाबा, खरं सांगा. मी यायच्या आधी बघितलं होतंत का?"

त्यांनी कठड्यावरच्या दुर्बिणीकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही. दोनदा प्रयत्न केला. सापडतच नव्हता. हात..." त्यांनी डोळ्यावरचा हात खाली घेऊन बघितला. तो थरथरत होता. "हात हलत होता ना. सूर्य धरताच येईना."

ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. उतार चढून ठिणगी आला, दोघांना खाली बसलेलं बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मान हलवून सांगितलं, काही झालं नाही. तो कठड्याला पाठ लावून उभा राहिला आणि काचेचे फुटके तुकडे बुटानं गोळा करत राहिला.

"सगळं ग्रहण पळण्यात गेलं तुझं," बाबा म्हणाले.

ते खरं होतं. गच्चीवर कॅमेरा एकटाच उभा होता. ग्रहण भरात येत होतं, आणि परत जाईपर्यंत ते उतरणीला लागलं असतं. तिनं आजूबाजूला बघितलं. मागच्या ओळीत एक पांढरी गाडी उभी होती, धुळीनं माखलेली.

"भावजी, रुमाल द्या." तिनं गाडीचं दार पुसलं. पिशवीतली एक चौकट काढली, काच बाजूला करून पुठ्ठ्याचं भोक मोठं केलं आणि तो पुठ्ठा दुर्बिणीच्या एका नळीवर कॉलरसारखा चढवला, भोवती सावली पडावी म्हणून. दुसरी नळी चौकटीवरून निघालेल्या टेपनं बंद केली. बाबांनी लावलेली सगळी टेप आणि उरलेली काच आधीच ओरबाडून काढली होती. "यातून कुणी बघायचं नाही. दुर्बिणीच्या मागे तोंड आणायचं नाही. बघायचं ते दारावर."

ठिणगीच्या खांद्यावर दुर्बीण टेकवली. तो सूर्याकडे पाठ करून उभा. दारावर आधी उजेडाचा एक पसरट डाग आला. तो निसटला, परत आला.

"स्पष्ट करायला चाक फिरवावं लागेल," ती म्हणाली. "ते बारीक काम आहे."

बाबा उठले. बाजूनं हात घालून त्यांनी बोट चाकावर ठेवलं. बोट थरथरत होतं, पण चाक अंशाअंशानं फिरलं. डाग आकसला, त्याला कड आली, आणि धुळकट दारावर बशीएवढी, टोकदार शिंगांची कोर उभी राहिली.

आजूबाजूची माणसं जवळ आली. लिफ्टवाला आला, एक बाई पिशव्या खाली ठेवून उभी राहिली. त्यांच्यासकट ती प्रत्येकाला बाजूला सरकवत होती, कुणाचंही डोकं दुर्बिणीमागे येऊ देत नव्हती. मग फोन काढून तिनं दाराचे फोटो घेतले. एक, दुसरा, मग आणखी. कोर अगदी बारीक झाली आणि मग दुसऱ्या बाजूनं भरायला लागली. ऊन परत तापायला लागलं तशी ती म्हणाली, "टेलरकाका," आणि उताराकडे निघाली.

ठिपका गेला नव्हता. संध्याकाळीही नाही. टेलरकाकांना सुईत दोरा ओवता आला नाही. रात्री त्यांच्या बायकोनं तिला फोन केला आणि काहीही न बोलता ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात ती आणि ठिणगी दोघंही त्यांच्याबरोबर गेले. डोळ्यांत थेंब घालून बसवलं. बाकावर तिघं ओळीनं. ठिणगी जमिनीकडे बघत होता. टेलरकाका एकदाच म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही हो, शिवण्याशिवाय." आत बोलावलं तेव्हा तीही आत गेली. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून एक डोळा बघितला, मग दुसरा, मग परत पहिला. तिला प्रत्येक वेळी वाटे, आता सांगतील. त्या परत बघत.

"डोळ्याच्या आतल्या पडद्यावर इजा दिसत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "झगमगाटानं डोळा दिपलाय. ठिपका फिका होतोय का?"

"कालच्यापेक्षा," टेलरकाका जपून म्हणाले. "कडेनं थोडा फिका वाटतो."

"आठवड्यानं परत या. जास्त वाटलं तर लगेच या. आणि हे कुणी दिलं होतं तुम्हाला?"

"मी," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी जे सुनावायचं ते सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. बाहेर येऊन ठिणगीला सांगितलं तर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बाहीनं डोळे पुसत राहिला.

आठवड्यानं ठिपका उरला नव्हता. तरी दुसरी तपासणी झाली, पुन्हा थेंब, पुन्हा दिवा, आणि मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जा, शिवा आता." मधल्या काळात ती घरोघर जाऊन नेमकं काय झालं ते सांगून आली होती. बहुतेकांनी ऐकून घेतलं. गच्चीवरच्या काका-काकूंनी दार उघडलं नाही, आणि त्यांच्या नातीचे फोटो पुढे दुसऱ्या दुकानातून काढून आले. ठिणगीनं दहाच्या काचा दुकानातून हलवून घरी नेल्या. आता रोज सकाळी दोन काचा खिशात घालून कामावर जातो.

त्या दुसऱ्या तपासणीनंतर दवाखान्याबाहेर पायरीवर टेलरकाका थांबले. थेंबांमुळे त्यांना ऊन सोसत नव्हतं, डोळ्यांवर हात धरला होता. "त्या दिवशी मी आपला अंधारात बसून होतो," ते म्हणाले. "सगळ्यांनी म्हणे गाडीच्या दारावर बघितलं. फोटो आहे ना तुमच्याकडे?"

तिनं फोन पुढे केला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"काही दिसत नाही. सगळं धुकट."

मग ठिणगी म्हणाला, "थेंब, काका! थेंबांमुळे. संध्याकाळपर्यंत जवळचं दिसणार नाही म्हणाल्यात."

"हां हां," टेलरकाका हसले, जरा कापऱ्या आवाजात. "मग तुम्हीच सांगा, काय आहे फोटोत?"

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, ऊन पडू नये म्हणून फोनवर हात धरला आणि सांगायला लागली. "पांढरं दार आहे. हँडलच्या खाली जरा पोचा आलाय. त्याच्या डाव्या अंगाला कोर, ही एवढी. वरचं शिंग बारीक, खालचं जरा जाड. आणि कडेला बाबांचं बोट आलंय, चाकावरचं."

"बोट कशाला येऊ दिलंत मध्ये?"

"राहू दे म्हटलं," ती म्हणाली, आणि बोटानं पुढचा फोटो सरकवला.